पुन्हा पहिल्यापासून

बाबांना चहा हवा होता हे घरात सगळ्यांना कळत होतं. चारचा सुमार, दुपारची झोप झालेली, आणि ते खुर्चीत बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बघत होते. आणखी काय हवं असणार? पण वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की हातात लगेच काही द्यायचं नाही, आधी त्यांना बोलायचा प्रयत्न करू द्यायचा. जितका प्रयत्न होईल तितकी वाचा परत येईल, आणि त्यांनी प्रयत्न सोडून दिला तर आहे तीही हळूहळू मिटेल. म्हणून आई गॅसपाशी रिकामं पातेलं घेऊन उभी होती, मी बाबांच्या पुढ्यात त्यांचा फोन धरून बसले होते, आणि फोनवर एक निळं चक्र गोल गोल फिरत होतं.

ते चक्र मीच तिथं बसवलं होतं. तो सगळा प्रोग्रामच माझा होता. चक्र थांबून पडद्यावर शब्द उमटेपर्यंत बाबांनी तोंड फिरवलेलं होतं. मग आईनं चहा टाकला, आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी चहा न पिताच उठले.

बाबांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला तेव्हा मी त्यांना आणि आईला गावाहून माझ्याकडे रत्नागिरीला आणलं. गाव नाटे गावाच्या पुढं, समुद्राच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. हात-पाय बऱ्यापैकी सुटले, उजव्या हातात थोडा जडपणा राहिला. बोलणं मात्र गेलं. म्हणजे सगळं कळायचं, आपण काय बोलतो ते कळायचं, काय म्हणायचंय तेही त्यांना ठाऊक असायचं. फक्त शब्द सापडायचा नाही. तोंड उघडायचं, हात हवेत उठायचा, आणि मग तो हात मांडीवर पडायचा. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी कदाचित इतकी कावले नसते. पण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे, आणि मी कळत्या वयाची झाल्यापासून तो बाबांनीच चालवलेला. कुणाचा मुलगा बोटीवर जायचा असो, कुणाच्या घरात आजार असो, बाबा देवापुढं उभे राहून त्या माणसाच्या वतीनं खणखणीत आवाजात बोलायचे, आणि मागं उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायचे. अख्ख्या गावाच्या वतीनं देवाशी बोलणाऱ्या माणसाला आपल्याच घरात चहा मागता येत नव्हता.

लहानपणी मला ती गाऱ्हाणी अजिबात आवडत नसत. माझं सगळं लक्ष नारळाच्या प्रसादाकडे. त्यातून बाबा कधी मधेच अडखळले, एखादं नाव विसरले, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे, आणि मला रडू यायचं. एकदा मी ते विसरलेलं नाव मोठ्यानं सांगून टाकलं. नाव बरोबर होतं. तरी आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी आईच्या पदरामागं लपले. गाऱ्हाणं घालणाऱ्याला शब्द पुरवायचा नसतो, असं आईनं घरी आल्यावर सांगितलं. त्याचं त्यानंच काढायचं, आपण फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मला तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला होता.

वेळेचा अपव्यय बंद करणं हाच पुढं माझा धंदा झाला. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून काम करते. लोक दुकानांच्या वेबसाइटवर शोधायच्या चौकटीत काहीतरी टाइप करतात ना, त्याचं उत्तर लवकर यावं, हे बघायचं माझं काम. त्यामुळे बाबांसाठी शब्द शोधून देणारा प्रोग्राम लिहिणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. तयार मिळणाऱ्यांत सगळी चित्रं होती. कपाचं चित्र, संडासाचं चित्र, हसरा सूर्य. ती बघून बाबांनी फोन उलटा ठेवला. माणूस मुका झाला म्हणजे बालवाडीत गेला असं नाही, हे त्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझ्या प्रोग्राममध्ये पडद्यावर मोठमोठी अक्षरं होती. बाबांनी एक अक्षर दाबायचं, त्या अक्षरानं सुरू होणारे शब्द खाली यायचे, हवा त्याच्यावर बोट ठेवायचं, की फोन तो शब्द मोठ्यानं बोलणार. तो ऐकून बाबांनी मागोमाग म्हणायचा. मॅडमना कल्पना आवडली. करून बघा, म्हणाल्या.

पहिला प्रोग्राम मी एका रविवारी बसून लिहिला आणि तो अगदी गाढव होता. शब्दांची एक भली लांब यादी, आणि बाबांनी अक्षर दाबलं की प्रोग्राम यादीच्या पहिल्या शब्दापाशी जाऊन एकेकाला विचारत सुटायचा, काय रे, तू या अक्षरानं सुरू होतोस का? असं विचारत पार शेवटपर्यंत. बाबांनी दुसरं अक्षर दाबलं की आत्तापर्यंत सापडलेलं सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर ते खपून गेलं, पण बाबांचा फोन जुना. नवा आणला तर ते हात लावेनात, कारण त्यांच्या बोटांना जुनाच ओळखीचा. त्या फोनला माझा गाढवपणा झेपेना. आणि बाबांचा धीर किती, तर दोन श्वासांचा. तेवढ्यात काही दिसलं नाही की मान वळलीच.

मग मी हात धुऊन त्याच्या मागं लागले. आधी यादी अकारविल्हे लावून घेतली. शब्दकोशात 'मासळी' शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही, मधेच कुठंतरी उघडतो आणि मागं की पुढं ते ठरवतो, तसं प्रोग्रामला शिकवलं. वेग वाढला, पण दुसऱ्या अक्षराला पुन्हा तीच शोधाशोध. तेव्हा यादी टाकून देऊन सगळ्या शब्दांचं झाड केलं. पहिल्या अक्षराची एक फांदी, तिला पुढच्या अक्षरांच्या डहाळ्या. 'क' दाबलं की प्रोग्रामनं क-च्या फांदीवर जाऊन बसायचं, पुढचं अक्षर आलं की तिथूनच पुढं सरकायचं, उरलेल्या झाडाकडे ढुंकून बघायचं नाही. कागदावर हे इतकं सुरेख दिसत होतं की मी स्वतःवर खूश होऊन आईला दाखवायला गेले. आई बांगडे साफ करत होती. छान आहे, म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊ नकोस, माझे हात मासळीचे आहेत, असंही म्हणाली.

झाड बाबांच्या फोनमध्ये मावलंच नाही. एवढ्या फांद्या लक्षात ठेवता ठेवता फोन तापायचा आणि बंद पडायचा. मग ज्या फांदीला पुढं एकच डहाळी, ती दोन्ही जोडून एक करायची, असं करत करत झाड छाटलं. त्यात दोन आठवडे गेले. मधे लाइट जायची, ऑफिसचं काम तुंबायचं, आणि पुण्याहून फोन यायचे की तुमचं लक्ष कुठं आहे.

त्यात दुसरीच एक कटकट निघाली. शब्द मी इंटरनेटवरच्या बातम्यांमधून घेतले होते. त्यामुळे बाबांनी 'क' दाबलं की सगळ्यात वर यायचं 'कार्यालय', मग 'कारवाई', मग 'केंद्रीय'. आमच्या घरात आजपर्यंत कुणी केंद्रीय हा शब्द उच्चारलेला नाही. बाबा ते वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे, आणि त्या बघण्यात जे होतं त्याला शब्दाची गरज नव्हती. मी पुन्हा बसले. आईला विचारून विचारून घरातले शब्द गोळा केले. पेज, कुळीथ, कोयती, आमसुलं, सौंदाळे, पायरीवरचं मांजर. ते वरच्या फांद्यांवर आणून ठेवले.

एवढं करून वेग वाढला म्हणावा, तर फोनवर ते निळं चक्र तसंच रेंगाळत होतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय तेच कळेना. मी एकेक ओळ मोजत बसले. शोध तर डोळ्याची पापणी लवायच्या आत होत होता. मग चक्र कशाला फिरतंय? शेवटी सापडलं. पहिल्या रविवारी, चक्र एकदम दिसून नाहीसं होतं ते वाईट दिसतं म्हणून, ते निदान काही क्षण फिरलंच पाहिजे अशी ओळ मीच लिहून ठेवली होती. झाडं काय लावली, छाटली काय, आणि बाबांना ताटकळत ठेवत होती ती माझी शोभेची ओळ. मी लॅपटॉप असा मिटला की आई बाहेरून काय पडलं विचारायला आली.

चक्र काढून टाकलं. आता बाबांचं बोट अक्षरावरून उचलायच्या आत शब्द हजर व्हायचे. ऑफिसात मी असं काही करून दाखवलं असतं तर चार लोकांनी अंगठे पाठवले असते. मी फोन बाबांपुढं धरला. चारचा सुमार, आई गॅसपाशी. बाबांचं बोट पडद्यावर इकडून तिकडं फिरलं आणि 'ल'वर टेकलं. 'लसूण, लाकूड, लोणचं', फोन तत्पर. बाबांनी वाचलं, आणि मान वळवली.

मला वाटत आलं होतं की हात जड आहे म्हणून बोट चुकतं. म्हणून मी अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. पुढच्या वेळी दवाखान्यात मॅडमना फोन दाखवला, किती वेगानं चालतो ते दाखवलं. त्यांनी कौतुक केलं, बाबांना दोन-तीन वस्तू दाखवून अक्षर दाबायला सांगितलं, आणि मग मला बाजूला घेऊन अगदी साधेपणानं म्हणाल्या, "बोट चुकत नाहीये. शब्द त्यांना ठाऊक आहे, पण तो कुठून सुरू होतो तेच हाताला लागत नाही. पहिलं अक्षर सांगता आलं असतं, तर पुढचा शब्द त्यांचा त्यांनीच म्हटला असता."

माळनाक्याच्या दवाखान्यातून घरी येताना रिक्षात मी फोन पिशवीच्या तळाशी कोंबला. इतके आठवडे मी जे दार गुळगुळीत करत होते, त्या दाराशी त्यांना पोचताच येत नव्हतं. राग कुणाचा आला ते मला नीट सांगता येणार नाही. मॅडमचा आला, हे आधी का नाही बघितलं म्हणून. फोनचा आला. आणि खरं सांगायचं तर शेजारी शांतपणे रस्त्याकडे बघत बसलेल्या बाबांचाही आला, आणि तो आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

तरी मी हट्ट सोडला नाही. अक्षर नको, तर प्रकार विचारू. खायचं, दुखतंय, माणूस, जागा. प्रकारावर बोट ठेवलं की आतले शब्द. हे पुन्हा लिहिलं, पुन्हा झाडं लावली, आणि एका रविवारी सकाळी मी बाबांसमोर फोन धरला. बाबा नुकतीच अंघोळ करून पूजेला बसायच्या तयारीत होते. झटक्यानंतरही पूजा त्यांनी सोडली नव्हती, मुक्यानं करायचे. माझं म्हणणं एवढंच की आधी एकदा हे करून बघा. ते माझ्याकडे बघत राहिले. मी खायचं दाखवलं, दुखतंय दाखवलं. ते हलले नाहीत. मी पुन्हा दाखवलं. आणि मग माझा आवाज चढला.

"एक तरी दाबा ना, बाबा. काहीही दाबा."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं फेकणार. पण ते उठले, देव्हाऱ्यापाशी गेले, गणपतीच्या शेजारी बाळकृष्णाला थोडा सरकवून फोन तिथं उभा केला, तबकातलं कुंकू बोटानं त्याच्या काचेला लावलं आणि वर तगरीचं एक फूल ठेवलं. मग मागं वळून माझ्याकडे बघितलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं. आई दारात उभी होती, ती फसकन हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. माझी अशी थट्टा बाबांनी एका शब्दाशिवाय केली होती, आणि मला हसावं की रडावं कळेना.

मग त्यांनी हात जोडले. देव्हाऱ्यापुढं हात जोडून, पाय थोडे फाकवून, देवळात उभे राहायचे तसे उभे राहिले. ती सवयच असेल. आणि आवाज आला.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या गावचा राखणदार. आज तुज्यासमोर ही तुजी लेकरां हात जोडून उभी हायत."

आवाज थोडा घोगरा होता, पण शब्द सगळे जागच्या जागी. आईनं माझं मनगट धरलं. तिच्या तोंडून आपसूक गेलं, "व्हय म्हाराजा." बाबा पुढं निघाले. सड्यावरचा देव, वेशीवरचा देव, खाडीवरचा देव, सगळ्यांची नावं ओळीनं आली. कुठं थांबले नाहीत. जां काय चुकलां माकलां असंल तां पोटात घाल, आलं. प्रत्येक वाक्याला आई साथ देत होती. पाठ झालेलं असं बोलणं डोक्यात वेगळ्या ठिकाणी टिकून राहतं, असं मॅडमनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की बाबा बोलतायत.

गाऱ्हाण्यात एक जागा अशी येते, जिथं पाठ केलेलं संपतं. कुणाचं गाऱ्हाणं आहे ते तिथं सांगायचं असतं, आणि त्याचं काय अडलंय ते. तिथं दरवेळी नवं माणूस, नवी अडचण. बाबा तिथं आले. "आज ही माजी," म्हणाले, आणि थांबले.

हात हवेत उठला. मला तो हात पाठ होता. आता तो खाली पडणार हेही मला माहीत होतं. शब्द माझ्या ओठांवर होता, मी तो माणसांच्या फांदीवर सगळ्यात वर ठेवला होता. मी तोंड उघडलं तशी आईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. समोर बघून, वाट बघत, ती शांतपणे म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून निघाले. बा देवा म्हाराजा, तू ह्या गावचा राखणदार. पुन्हा सड्यावरचा, वेशीवरचा, खाडीवरचा. मी मनात चरफडत होते. हाच तो गाढवपणा, जो मी महिनाभर खपून काढून टाकला होता. सगळं विसरून पुन्हा वरून सुरुवात, एका शब्दासाठी सगळ्या देवांना वळसा. मला आडवं जाऊन त्यांना उचलून त्या शब्दापाशी नेऊन ठेवावंसं वाटत होतं. त्या जागेशी ते पुन्हा आले, पुन्हा अडले, आईनं पुन्हा 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि ते पुन्हा मागं गेले. बाहेर मासेवाली हाक मारून, उत्तर न मिळाल्यामुळे पुढं निघून गेली.

तिसऱ्या खेपेला ते त्याच वेगानं आले आणि थांबलेच नाहीत.

"आज ही माजी लेक तुज्या पुढ्यात उभी हाय. ह्या डबड्यात तिचां जां काय काम अडलांय, तां सुटू दे. तिला यश दे, म्हाराजा."

झटका आल्यापासून बाबांनी स्वतःचं म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यात चहा नव्हता, हात बरा कर नव्हतं, वाचा दे नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागत आलेल्या माणसाला समोर अडलेलं माणूस दिसलं होतं ते मी. इतके दिवस ते माझ्या फोनकडे पाठ फिरवत होते तेव्हाही त्यांना मी दिसत असणार, आणि सांगता येत नसणार.

या वेळी आईकडून साथ आली नाही. मी तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. साथ द्यायची पाळी माझी होती, बाबा हात जोडून उभे होते, आणि साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

बाबांनी हात खाली घेतले. फोनवरचं फूल काढून गणपतीला वाहिलं, काचेवरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं, फोन माझ्या हातात दिला आणि पूजेला बसले. चारच्या सुमारास ते खुर्चीत बसून पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले. मी फोन काढला नाही. मी आणि आई त्यांच्या बाजूला उभ्या राहिलो, आणि बाबांनी घसा खाकरून चहा मागायला 'बा देवा म्हाराजा'पासून सुरुवात केली.